कृष्णेचा रंग

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदा द्रौपदीची भूमिका ठरत होती. सर्वांत स्वच्छ वाणीची मुलगी सावळी होती. "द्रौपदी काळी कशी शोभेल?" असे कुणीसे म्हणाले आणि मीही मान डोलावली. भूमिका गोऱ्या मुलीला गेली. रात्री आठवले, द्रौपदीचे एक नाव कृष्णा! वर्णावरूनच पडलेले. व्यासांना जी रूपवती वाटली, ती आम्हाला चालली नाही.

मग आमच्या डोळ्यांत ही गोरी द्रौपदी शिरली कुठून?

गोऱ्या रंगाची ओढ जुनीच. पण तिला ठरीव चेहरा दिला तो छापखान्याने. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तुळजापूरच्या काळ्या पाषाणाच्या भवानीपुढे हात जोडणाऱ्या घरांतून आता गोरीपान लक्ष्मी भिंतीवर आली. सून पाहायला निघालेल्या सासूच्या मनात तेच चित्र नसेल, असे कोण म्हणेल?

पुढची गंमत तर आणखी मोठी. कुलीन बाईने रंगभूमीवर पाऊल टाकायचे नाही, असा तो काळ. १९११ मध्ये 'मानापमाना'त बालगंधर्व भामिनी झाले. त्यांचे लुगडे, केशरचना, दागिने पाहून घरंदाज स्त्रिया तशाच नटू लागल्या. स्त्रीने कसे दिसावे, हे स्त्रियांनी एका पुरुषाकडून शिकावे!

मग बोलपट आले. १९४१ साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय नटी. चित्रापुढे हात जोडायचे, नाटक पाहून नटायचे. साबण मात्र दुकानात मिळत होता. रूप विकत घेता येते, ही आशा त्याच्याबरोबर घरात आली. १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' निघाले आणि गोरेपणा नळीत भरून विकला जाऊ लागला. ४५ वर्षांनी, २०२० साली, नावातले 'फेअर' जाऊन 'ग्लो' आले. नाव बदलले. मुलगी पाहायला येणाऱ्यांची नजर बदलली का, ते आपापल्या घरच्या लेकींनाच विचारावे.

पुढल्या वर्षी मी त्या सावळ्या मुलीला मुद्दाम भूमिका देऊ केली. ती म्हणाली, "नको सर, मी आतूनच वाक्यं सांगते सगळ्यांना."

लक्ष्मीपूजनाला चौरंगावर तसबीर मांडताना दर वर्षी तिचा तो स्वच्छ आवाज कानी येतो.