जमिनीवर वैर, अंतराळात शेजार : रशिया आणि अमेरिका आजही एकाच स्थानकात का राहतात?

३० मार्च २०२२. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्याला महिना उलटून गेला होता. अमेरिकेने रशियावर एकामागून एक निर्बंध लादले होते. त्याच दिवशी कझाकस्तानच्या माळरानावर पॅराशूटच्या आधाराने एक सोयुझ यान उतरलं. आत तिघे होते. रशियाचे अँटोन श्काप्लेरोव्ह आणि प्योत्र दुब्रोव्ह, आणि त्यांच्यासोबत अमेरिकेचे मार्क वांदे हाय.

वांदे हाय सलग ३५५ दिवस अंतराळात राहून परतले होते. रशिया त्यांना वरच सोडून देणार, अशा चर्चा त्याआधी काही आठवडे सोशल मीडियावर रंगल्या होत्या. प्रत्यक्षात ते ठरल्या दिवशी, ठरल्या यानातून, रशियन सहकाऱ्यांसोबत सुखरूप खाली आले.

इतकं टोकाचं भांडण सुरू असताना हे कसं शक्य झालं? मैत्री हे त्याचं कारण नाही. दोन्ही देशांनी मिळून एक असं यंत्र बांधलं आहे, जे एकट्याला चालवणं फार अवघड आहे. हे यंत्र कसं उभं राहिलं, ते समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

आधी होती ती शर्यत

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत युनियनने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. १२ एप्रिल १९६१ ला युरी गागारिन अंतराळात जाणारा पहिला माणूस ठरला. बैकानूरहून निघाल्यापासून जमिनीवर परतेपर्यंत त्याला १०८ मिनिटं लागली. १९६३ मध्ये व्हॅलेंतिना तेरेश्कोवा ही पहिली महिला अंतराळवीर झाली. १९६५ मध्ये अलेक्सेई लिओनोव्ह यानाबाहेर पडून अंतराळात तरंगणारा पहिला माणूस ठरला.

या सगळ्यामागचा मुख्य अभियंता होता सर्गेई कोरोल्योव्ह. त्याचं नाव इतकं गुप्त ठेवलं होतं, की १९६६ मध्ये तो वारल्यावरच ते जगाला कळलं.

चंद्राची शर्यत मात्र अमेरिकेने जिंकली. सोव्हिएतचं एन-१ हे महाकाय रॉकेट १९६९ ते १९७२ या काळात चार वेळा उडवलं आणि चारही वेळा अपयशी ठरलं. मग सोव्हिएतने आपला मोर्चा अंतराळ स्थानकाकडे वळवला. १९७१ मध्ये सोडलेलं सॅल्यूत-१ हे जगातलं पहिलं अंतराळ स्थानक. पृथ्वीभोवती दीर्घकाळ माणसं कशी ठेवायची, याचा अनुभव सोव्हिएतकडे जमा होत गेला. पुढे हाच अनुभव अमेरिकेला हवा होता.

१९७५ : पहिलं हस्तांदोलन

१९७२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन आणि सोव्हिएत पंतप्रधान अलेक्सेई कोसिगिन यांनी मॉस्कोत एक करार केला. दोन्ही देशांची यानं अंतराळात एकमेकांना जोडायची, असं ठरलं.

अडचण पहिल्या पावलालाच आली. अपोलो यानात जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन असायचा आणि त्याचा दाब समुद्रसपाटीवरच्या हवेच्या साधारण एक तृतीयांश. सोयुझमध्ये मात्र पृथ्वीवर असते तशी हवा, आणि दाबही तेवढाच. सोयुझमधला माणूस थेट अपोलोत गेला असता, तर पाणबुड्यांना होतो तसा त्रास त्याला झाला असता, म्हणजे रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे.

यावर तोडगा म्हणून अमेरिकेने दोन यानांच्या मध्ये बसणारी एक छोटी खोली बनवली. आत जायचं, दार लावायचं, दाब बदलू द्यायचा आणि मग पलीकडचं दार उघडायचं. सोव्हिएतनेही आपल्या यानातला दाब थोडा कमी केला.

दुसरा प्रश्न जोडणीचा होता. तोवर एका यानाला पुढे आलेला दांडा असायचा आणि दुसऱ्याला त्यासाठी खाच. दोन्ही देशांच्या अभियंत्यांनी मिळून नवी रचना केली, जिच्यात दोन्ही बाजू सारख्याच असतात आणि कुठलीही बाजू पुढाकार घेऊ शकते. याच घराण्यातली यंत्रणा पुढे अमेरिकेच्या स्पेस शटलला रशियन स्थानकाशी जोडायला वापरली गेली.

१७ जुलै १९७५ ला दोन्ही यानं जोडली गेली. दार उघडलं, आणि लिओनोव्ह आणि अमेरिकेचे थॉमस स्टॅफर्ड यांनी हात मिळवले. संवादाचा नियमही मजेशीर होता. अमेरिकनांनी रशियन बोलायचं आणि सोव्हिएत अंतराळवीरांनी इंग्रजी. समोरच्याला पटकन कळावं म्हणून.

देश संपला, स्थानक राहिलं

यानंतर पुन्हा शीतयुद्धाचा गारठा वाढला आणि सहकार्य जवळपास थांबलं. १९८६ मध्ये सोव्हिएतने मीर हे स्थानक उभारायला सुरुवात केली. मे १९९१ मध्ये सर्गेई क्रिकाल्योव्ह मीरवर गेले. पाचेक महिन्यांत परतायचं ठरलं होतं. पण ते वर असतानाच सोव्हिएत युनियन कोसळलं.

त्यांचा मुक्काम वाढत वाढत ३११ दिवसांवर गेला. २५ मार्च १९९२ ला ते परतले, तेव्हा ज्या देशाने त्यांना पाठवलं होतं तो नकाशावरून गेलेला होता. त्यांच्या लेनिनग्राड या गावाचं नावही सेंट पीटर्सबर्ग झालं होतं. जग त्यांना ‘शेवटचा सोव्हिएत नागरिक’ म्हणू लागलं.

हेच क्रिकाल्योव्ह फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेच्या डिस्कव्हरी शटलमधून अंतराळात गेले. अमेरिकन यानातून उडणारे ते पहिले रशियन. असं काय बदललं होतं?

दोघांचीही गरज

रशियाची तिजोरी रिकामी होती. अंतराळ कार्यक्रमाचे पगार थकत होते. अनुभवी रॉकेट अभियंते क्षेपणास्त्रं बनवू पाहणाऱ्या इतर देशांकडे गेले तर काय, ही भीती अमेरिकेला होती.

दुसरीकडे अमेरिकेचं स्वतःचं स्थानक फक्त कागदावर होतं आणि त्याचा खर्च फुगत चालला होता. जून १९९३ मध्ये ते रद्द करण्याचा प्रस्ताव अमेरिकी प्रतिनिधिगृहात आला आणि २१६ विरुद्ध २१५ अशा फक्त एका मताने फेटाळला गेला.

एकाकडे अनुभव होता पण पैसा नव्हता. दुसऱ्याकडे पैसा होता, पण दीर्घ मुक्कामाचा ताजा अनुभव नव्हता. त्याच वर्षी दोघांनी एकत्र यायचं ठरवलं. पहिला टप्पा म्हणून अमेरिकन अंतराळवीर मीरवर राहणार होते. त्यासाठी अमेरिकेने रशियाला सुमारे ४० कोटी डॉलर मोजले.

सात अमेरिकन अंतराळवीर मीरवर राहून आले. सगळं सुरळीत झालं नाही. फेब्रुवारी १९९७ मध्ये मीरवर आग लागली. त्याच वर्षी जूनमध्ये एक मालवाहू यान जोडणीच्या सरावात स्थानकावर आदळलं आणि एका भागातून हवा गळू लागली. आतल्या दोन रशियन आणि एका अमेरिकन अंतराळवीराने घाईघाईने तारा सोडवून त्या भागाचं दार बंद केलं आणि स्थानक वाचवलं.

आंतरराष्ट्रीय स्थानक : दोन इंजिनिअरिंग, एक घर

२० नोव्हेंबर १९९८ ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग ‘झार्या’ बैकानूरहून निघाला. तो मॉस्कोत बनला होता, पण पैसे अमेरिकेचे होते. दोन आठवड्यांनी अमेरिकेचा ‘युनिटी’ हा भाग शटलने नेऊन त्याला जोडला. ती जोडणी करायला गेलेल्यांमध्ये क्रिकाल्योव्हही होते. २ नोव्हेंबर २००० ला जो पहिला मुक्कामी चमू स्थानकात शिरला, त्यातही ते होते. तेव्हापासून हे स्थानक एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही. युरोप, जपान आणि कॅनडा हेही त्यात भागीदार आहेत.

स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतं. तिथेही अगदी विरळ हवा असते. तिच्या घर्षणाने ते हळूहळू खाली येत राहतं. त्याला पुन्हा वर ढकलायचं मुख्य काम रशियन भागाची आणि रशियन मालवाहू यानांची इंजिनं करतात. अवकाशातला कचरा चुकवायलाही मुख्यतः तीच वापरली जातात.

वीज मात्र मोठ्या प्रमाणावर अमेरिकन सौर पंखांमधून येते आणि रशियन भागालाही पुरवली जाते. स्थानकाची दिशा स्थिर ठेवणारी मोठी फिरती चाकं अमेरिकन भागात आहेत. ती आपल्या मर्यादेला पोचली की रशियन इंजिनं मदतीला येतात. अलीकडे अमेरिकन मालवाहू यानांनीही स्थानकाला वर ढकलून दाखवलं आहे. तरी मूळची वाटणी अशीच आहे. म्हणून ‘आम्ही चाललो’ म्हणून एकाने उठून जायची सोय नाही.

नऊ वर्षं एकच गाडी

फेब्रुवारी २००३ मध्ये कोलंबिया शटल परतताना कोसळलं. त्यात कल्पना चावलासह सात जण गेले. शटलची उड्डाणं दोन वर्षांहून अधिक काळ थांबली. त्या काळात स्थानकावर माणसं नेणं-आणणं सोयुझने सांभाळलं.

जुलै २०११ मध्ये शटल कायमचं निवृत्त झालं. तेव्हापासून मे २०२० पर्यंत अमेरिकेकडे माणसं वर पाठवायला स्वतःचं यानच नव्हतं. प्रत्येक अमेरिकन अंतराळवीर सोयुझचं तिकीट काढून जात होता. २०१२ मध्ये सुनीता विल्यम्सही तशाच गेल्या. शेवटी शेवटी एका जागेचा दर ९ कोटी डॉलरच्या घरात गेला.

२०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला आणि अमेरिकेने निर्बंध लादले. तेव्हा रशियाचे उपपंतप्रधान दिमित्री रोगोझिन यांनी टोमणा मारला, की अमेरिकेने आता आपले अंतराळवीर ट्रॅम्पोलिनवरून वर पाठवावेत. गंमत म्हणजे त्या वेळी अमेरिकेचे लष्करी उपग्रह ज्या अ‍ॅटलास-५ रॉकेटवरून जात होते, त्याचं मुख्य इंजिनही रशियन होतं. मे २०२० मध्ये स्पेसएक्सच्या क्रू ड्रॅगनने ही मक्तेदारी मोडली.

मग २०२२ मध्ये काय टिकलं?

तणाव युद्धाआधीच वाढला होता. १५ नोव्हेंबर २०२१ ला रशियाने क्षेपणास्त्राने आपलाच एक जुना उपग्रह फोडला. माग काढता येईल असे १५०० हून जास्त तुकडे कक्षेत पसरले. स्थानकातल्या सगळ्यांना आपापल्या यानांत जाऊन बसावं लागलं. त्यात वांदे हाय होते, आणि रशियाचे श्काप्लेरोव्ह आणि दुब्रोव्हही होते.

युद्ध सुरू झाल्यावर रशियाने अमेरिकेला रॉकेट इंजिनं देणं बंद केलं. स्थानक मात्र चालू राहिलं. उलट जुलै २०२२ मध्ये दोघांनी जागांच्या अदलाबदलीचा करार केला. एक अमेरिकन सोयुझमधून जाणार आणि एक रशियन ड्रॅगनमधून. पैसे कोणी कोणाला द्यायचे नाहीत. यामागचा हिशेब सरळ आहे. एखादं यान बंद पडलं तरी दोन्ही भाग चालवता येणारं एकेक माणूस वर हवंच.

सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेचे फ्रँक रुबियो सोयुझमधून गेले आणि ऑक्टोबरमध्ये रशियाच्या अ‍ॅना किकिना ड्रॅगनमधून. डिसेंबरमध्ये रुबियो यांच्या सोयुझमधून शीतक द्रव गळू लागला. रशियाने दुसरं रिकामं सोयुझ पाठवलं. सहा महिन्यांसाठी गेलेले रुबियो आणि त्यांचे दोन रशियन सहकारी ३७१ दिवसांनी परतले.

मार्च २०२५ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर लांबलेल्या मुक्कामानंतर ड्रॅगनमधून परतले, ते सगळ्या भारताने पाहिलं. त्याच ड्रॅगनमध्ये त्यांच्या शेजारी रशियाचे अलेक्सांद्र गोर्बुनोव्ह बसले होते. जून २०२५ मध्ये स्थानकावर गेलेले शुभांशू शुक्ला हेही याच दुहेरी जगातून तयार झाले. त्यांनी आधी मॉस्कोजवळच्या गागारिन केंद्रात प्रशिक्षण घेतलं आणि उड्डाण मात्र फ्लोरिडातून केलं.

पुढे काय?

स्थानक आता म्हातारं झालं आहे. रशियन भागात काही वर्षं हवेची बारीक गळती होत आली. अमेरिकेने ते २०३० पर्यंत चालवायचं ठरवलं आहे, तर रशियाने २०२८ पर्यंतची हमी दिली आहे. शेवटी ते पॅसिफिक महासागरात सुरक्षित पाडण्यासाठी खास यान बनवायचं काम २०२४ मध्ये स्पेसएक्सला दिलं गेलं.

त्यानंतरच्या वाटा वेगळ्या आहेत. अमेरिकेच्या आर्टेमिस चांद्र करारांवर भारतासह पन्नासहून जास्त देशांनी सह्या केल्या आहेत. रशिया त्यात नाही. रशियाने चीनसोबत चंद्रावर तळ उभारायचं ठरवलं आहे. दोघांना एकत्र बांधून ठेवेल असा दुसरा कुठलाही प्रकल्प आज ठरलेला नाही.

म्हणजे स्थानक पाडलं जाईल तेव्हा एक जुनी प्रयोगशाळा तर जाईलच. पण सोबत, दोन्ही देशांना रोज सकाळी एकमेकांना फोन करायला लावणारं एक कारणही जाईल.