मुक्या बाजूची रुजुवात

मोटारीतील ध्वनिवर्धकाची एक बाजू मुकी झाली असता जाणता कारागीर प्रथम जे करतो, त्यात वरवर पाहणाऱ्यास विद्या अशी काही दिसत नाही. तो डाव्या बाजूची आवक उजवीकडे आणि उजवीची डावीकडे जोडतो व ऐकत राहतो; मौनाने जागा बदलली तर दोष मागे टेपमध्ये किंवा तारेत आहे आणि न बदलली तर तो पुढे आहे, एवढा निवाडा त्याला पेटीचा एक स्क्रूही न काढता करता येतो. परंतु या अदलाबदलीमागे, आणि पेटी उघडल्यावर तो दोन बाजूंची जी कलमवार रुजुवात घालतो तिच्यामागे, जवळजवळ शतकाचा इतिहास आहे. आणि तो ग्रंथांत थोडा व दुकानांच्या बाकांवर फार घडलेला असल्यामुळे त्याची नोंद होणे मला अगत्याचे वाटते.

मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले आणि सरकारी परवान्याने बाळगावयाच्या रेडिओसंच या नव्या वस्तूच्या पाठोपाठ तिची दुरुस्ती करणारांचा नवा वर्ग शहरात उदयास आला. ग्रँट रोड स्टेशनाजवळचा, एका गव्हर्नराचे नाव धारण केलेला आणि आज डॉ. भडकमकर मार्ग म्हणून दप्तरी नोंदलेला लॅमिंग्टन रस्ता पुढे या धंद्याची पेठ झाला. त्या व्हॉल्व्हच्या काळात संचाला बाजू एकच असे. कारागीर स्पीकरकडून मागे मागे येत प्रत्येक व्हॉल्व्हच्या ग्रिडला स्पर्श करी. गुणगुण ऐकू आली की तेथून पुढचा मार्ग निर्दोष समजे आणि जेथे ती लोपली त्या टप्प्यावर दोषाचा आरोप ठेवी. अमेरिकेत जॉन रायडर यांनी १९३९ च्या आपल्या ग्रंथात, संदेशाचा टप्प्याटप्प्याने माग काढण्याच्या या विचाराला शास्त्राची बैठक दिली. ही रीत सफल होई याचे कारण असे की, दोन टप्प्यांमध्ये कपॅसिटरची भिंत असल्यामुळे एकाचे दुखणे बहुधा दुसऱ्याच्या विद्युद्दाबावर उमटत नसे.

मोटारीत हे यंत्र आले ते स्वतःची विवंचना घेऊन. शिकागोच्या गॅल्व्हिन बंधूंनी १९३० साली ‘मोटोरोला’ नावाने मोटारीचा रेडिओ बाजारात आणला. परंतु व्हॉल्व्हला लागणारा शेकडो व्होल्टांचा दाब सहा व्होल्टांच्या बॅटरीतून मिळवावयाचा कसा, हा प्रश्न होताच, आणि त्यावर लवकरच योजलेल्या व्हायब्रेटरचे सतत थरथरणारे संपर्कबिंदू जळणे हीच दुरुस्तीवाल्याची नित्याची तक्रार होऊन बसली. १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि १९५५ पर्यंत सर्वस्वी ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटाररेडिओ विक्रीस आला. व्हायब्रेटर गेला, तरी त्याचे काम राहिलेच; कारण इंजिन चालू असताना मिळणाऱ्या सुमारे १४ व्होल्टांतून चार ओहमच्या स्पीकरात साध्या मांडणीने सहाएक वॅटच उतरतात. अधिक शक्तीसाठी आजच्या मोठ्या ध्वनिवर्धकात बॅटरीचा प्रवाह मॉसफेट ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा तोडतात आणि गोल गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरातून दाब चढवतात.

ट्रान्झिस्टरने कारागिराची जुनी रीत मात्र पांगळी केली. टप्प्यांमधील भिंती नाहीशा झाल्या, शेवटच्या टोकाकडून पहिल्या टोकाकडे प्रतिपोषणाची तार गेली, आणि एका ट्रान्झिस्टरचे बिघडणे सर्वांच्या दाबांवर उमटू लागले. कारण कोणते आणि परिणाम कोणता हेच ओळखू येईना. या अडचणीतून वाट काढली ती स्टीरिओने. ॲलन ब्लमलाइन यांनी दोन वाहिन्यांच्या ध्वनीच्या पेटंटासाठी १९३१ साली अर्ज केला होता; स्टीरिओ तबकड्या १९५८ च्या सुमारास सर्वत्र विकल्या जाऊ लागल्या, १९६३ साली फिलिप्सची कॅसेट आली आणि तिच्या द्वारे दोन वाहिन्या मोटारीत स्थिरावल्या. ऐकणाराला त्यातून संगीताची रुंदी लाभली. दुरुस्ती करणाराला लाभला साक्षीदार. मंडलाचा नकाशा हाती नसला तरी त्याच पट्टीवर, त्याच भागांनी घडलेली निरोगी बाजू शेजारीच उभी होती.

ही साक्ष कशी घेतली जाते ते जवळून पाहण्यासारखे आहे. कारागीर स्पीकर सोडवतो, बॅटरीच्या धन तारेत हेडलाइटचा दिवा मालिकेत जोडतो आणि मगच विद्युत् चालू करतो. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. मग मीटरचे एक टोक जमिनीला, म्हणजे सामाईक तारेला, लावून चांगल्या बाजूचा एकेक दाब तो कागदावर टिपतो आणि त्यासमोर मुक्या बाजूचा लिहितो. सिलिकॉन ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटर यांमध्ये चांगल्या बाजूस ०.६ व्होल्ट आढळतात. आजारी बाजूस तेथे दोन-तीन व्होल्ट निघाले, तर तो जोड आतून तुटला आहे हे सिद्ध झाले. एमिटरचा अर्ध्या ओहमहूनही लहान रेझिस्टर अनेकदा वरून धड दिसतो आणि आतून तुटलेला असतो. कित्येकदा तर एवढेही नसते: गाडीच्या हादऱ्यांनी आवकेच्या सॉकेटचा झाळ तडकलेला असतो आणि भिंगाखाली पिनेभोवती केसाएवढे काळे वर्तुळ दिसते. दोष सापडल्यावर जोडीतले दोन्ही ट्रान्झिस्टर बदलणे, त्यांना चालना देणारे तपासणे आणि ते व उष्णता शोषणारा पत्रा यांमधला अभ्रक नवा घालून त्याला लेप देणे, ही पथ्ये जो पाळतो त्याचे काम टिकते. जो केवळ जळलेला तुकडा बदलतो, त्याच्याकडे तीच पेटी पुन्हा येते.

मालकाने ध्यानात ठेवावे ते इतकेच की, एक बाजू बंद पडली म्हणून संच भंगारात देऊ नये. दुसरी बाजू जिवंत आहे तोवर दुरुस्तीचा सर्व दस्तऐवज त्याच पेटीत आहे, आणि तो वाचणाराला त्याच्या श्रमाचे मोल द्यावे.