नेवाळीची धावपट्टी आणि 'हिरव्या' विमानतळाचा हिशोब

इअरफोन लावलेत ना? चला, आज नेवाळीला जाऊ.

मी डोंबिवलीकर. मलंगगडाला जाताना नेवाळी नाका कितीदा ओलांडला असेल. पण तिथे विमानतळ होता, हे मला फार उशिरा कळलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन इथे धावपट्टी बांधली. युद्ध 1945 ला संपलं, पण जमीन काही परत आली नाही. ती संरक्षण खात्याकडे राहिली, पुढे नौदलाकडे आली. शेतकरी मात्र ती कसत राहिले. 22 जून 2017 ला, नौदलाच्या भिंतीचं काम सुरू असताना, आंदोलन पेटलं. गाड्या जळल्या, पोलीस आणि गावकरी दोघंही जखमी झाले. सत्तर वर्षांपूर्वीचा हिशोब अजून बाकी होता!

आता विमानतळ 'हिरवा' आहे का, हे मोजतात कसं? 2009 मध्ये युरोपातल्या विमानतळांच्या संघटनेने कार्बन मोजून दर्जा द्यायची पद्धत सुरू केली. आधी विमानतळाच्या स्वतःच्या गाड्यांचं डिझेल आणि विकत घेतलेली वीज मोजायची. वरच्या पायऱ्यांवर विमानांचं उतरणं-उडणंही येतं, आणि प्रवासी विमानतळावर कसे पोचतात तेसुद्धा. म्हणजे डोंबिवलीहून तुम्ही एकट्याने कॅब केली, तर तो धूरही त्या वहीत! 2022 मध्ये मुंबई विमानतळ पूर्णपणे हरित विजेवर गेला. सुधारणा खरीच आहे.

पण वहीत न येणाऱ्या गोष्टींचं काय? नवी मुंबई विमानतळ बघा. पर्यावरण मंजुरीच्या वेळी, 2010 मध्ये, दोन धावपट्ट्यांमधलं अंतर 1800 मीटरवरून 1550 वर आणलं, म्हणून गाढी नदीचा प्रवाह वळवावा लागला नाही. उलवे नदी मात्र वळवली, उलव्याची टेकडी कापली, गावं उठली. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालं. विजेच्या युनिटमध्ये ही टेकडी कशी मोजणार?

मला वाटतं, मोजणी विमान उडाल्यापासून नको, सातबारा बदलतो त्या दिवसापासून हवी. गाढी वाचली, कारण आकडे कागदावर असतानाच कुणीतरी प्रश्न विचारला. नेवाळीत तसं विचारायची सोयच नव्हती.

तुमच्या घरी कुणी आजी-आजोबा या भागातले असतील, तर आज त्यांना विचारा, तिथे आधी काय पिकायचं? आणि मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!