बुटामागून आलेला बोर्ड

अल्पाइन स्नोबोर्ड घ्यायला निघालेला माणूस आधी बोर्डाकडे पाहतो. लांबी किती, मधली रुंदी किती, कडेचा बाक किती मीटरचा, आत धातूचा थर आहे की नाही, हे सगळे तो पाठ करतो आणि उरलेल्या पैशांत बूट बघतो. हा क्रम उलटा आहे असे माझे म्हणणे आहे, आणि त्याला आधार या साधनाच्या इतिहासातच सापडतो. कड बर्फात रुतवून, आडवे न घसरता, उतारावर स्वच्छ रेघ ओढत वळण्याच्या प्रकाराला कार्व्हिंग म्हणतात. त्यासाठी लागणारा अरुंद आणि लांब बोर्ड कुणी आधी कल्पनेत रेखाटला आणि मग त्याला साजेसा बूट शोधला, असे घडलेले नाही. कडक बूट आधी पायात आला. बोर्डाने आपली अंगकाठी त्याच्यामागून बदलली.

सुरुवातीला तर बुटाचा प्रश्नच नव्हता. 1965च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत मिशिगनमधल्या मस्कीगन गावी शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या. त्यांच्या पत्नीने या खेळण्याला ‘स्नर्फर’ हे नाव दिले. पुढच्या टोकाला एक दोरी, आणि पाय मोकळे. पुढे जेक बर्टन कारपेंटर यांनी 1977मध्ये व्हरमाँटमध्ये बोर्ड बनवायला सुरुवात केली आणि पाय फळीला बांधले. 1979च्या स्नर्फर स्पर्धेत त्यांच्या बोर्डासाठी वेगळा खुला गट करावा लागला, इतका हा बदल मूळ खेळण्यापासून दूर गेलेला होता. तरीही पायात असायचे ते थंडीत वापरायचे साधे मऊ बूट. भुसभुशीत ताज्या बर्फात ते पुरायचेही, कारण तिथे फळीचा सगळा तळ बर्फावर तरंगतो आणि घोटा थोडा इकडेतिकडे झाला तरी फारसे बिघडत नाही. यंत्राने दाबून घट्ट केलेल्या उतारावर मात्र सगळा भार एका पोलादी कडेवर येतो. काळ्या रानात लाकडी नांगर धरलेल्यांना यातली अडचण लगेच उमगेल: रुमण्याचा सांधा सैल असेल तर फाळ कितीही धारदार असला तरी एका खोलीवर टिकत नाही. मऊ बुटात नेमके हेच होते. गुडघा झुकतो, घोटा वाकतो, टाच उचलली जाते, आणि एवढे सगळे झाल्यावर कुठे कडेला निरोप पोहोचतो.

यावरचा उपाय आल्प्समधल्या लोकांच्या घरात आधीच पडलेला होता. 1960च्या दशकात बॉब लँग यांनी स्कीचा प्लास्टिकचा बूट बाजारात आणला आणि काही वर्षांतच चामड्याचा बूट शर्यतींतून मागे पडला. 1980च्या दशकात युरोपातल्या स्नोबोर्डवाल्यांनी गिर्यारोहणाचे आणि स्कीवरून डोंगर चढायचे कडक कवचाचे बूट पायात चढवले आणि ते टाच व चवडा दोन्हीकडून पकडणाऱ्या पट्टीसारख्या बाइंडिंगमध्ये अडकवले. पकड मिळाली, पण लगेच दुसरी अडचण उभी राहिली. पाय बोर्डावर जवळजवळ आडवा ठेवला की बुटाची टोके कडेबाहेर येतात, आणि बोर्ड खूप कलला की बूटच बर्फाला लागून कड उचलली जाते. तळ 30 सेंटिमीटरचा असेल आणि पाय 15 अंशांनीच वळवला असेल, तर त्याची आडवी लांबी 29 सेंटिमीटर भरते. मऊ बुटांचा नेहमीचा बोर्ड मध्यावर साधारण 25 सेंटिमीटर असतो. तोच पाय 60 अंशांनी पुढे वळवला की आडवी लांबी 15वर येते. बुटाच्या रुंदीमुळे प्रत्यक्षात ती वाढते हे खरे, तरी 18 ते 20 सेंटिमीटरचा बोर्ड आवाक्यात येतो. मऊ बुटात इतका पुढे वळवलेला पाय बोर्डाला नीट कलवू शकत नाही, कारण तेव्हा कड उचलायला घोट्याला बाजूचा आधार लागतो. कडक कवच तो देते. म्हणून बूट कडक झाला, मग पाय वळला, मग बोर्ड अरुंद झाला. अरुंद बोर्ड एका कडेवरून दुसऱ्या कडेवर झटकन जातो हा फायदा मोठाच, पण तो या साखळीच्या शेवटी आला.

या क्रमाचा एक पुरावा तर विस्मृतीतच गेला आहे, आणि मला तो सर्वांत बोलका वाटतो. 1980च्या दशकाच्या अखेरीस काही वर्षे दोन्ही कडा असमान असलेले बोर्ड जोरात होते. पाय तिरपे असले की चवडे पुढे आणि टाचा मागे येतात. म्हणून चवड्याकडच्या कडेचा बाक पुढे आणि टाचेकडचा मागे सरकवायचा, असा त्यामागचा विचार. डावा पाय पुढे ठेवणाऱ्यासाठी एक बोर्ड, उजवा ठेवणाऱ्यासाठी दुसरा. पुढे बाइंडिंगचे कोन आणखी वाढले, दोन्ही पाय जवळजवळ समोर तोंड करून उभे राहू लागले, चवडे आणि टाचा बोर्डाच्या मध्यरेषेजवळ आल्या आणि तो सगळा खटाटोप अनावश्यक ठरला. सारख्या कडांचे बोर्ड परत आले. पाय कसा उभा राहतो ते बदलले, की बोर्ड बदलला.

यावर पहिला आक्षेप असा, की कडकपणाच हवा तर स्कीचा बूट सरळ का वापरू नये? कडेवर येणारा भार पाहिला की हा आक्षेप रास्तही वाटतो. कडेचा बाक 12 मीटर त्रिज्येचा असेल आणि बोर्ड 60 अंश कलला, तर कागदावरच्या हिशेबाने वळणाची त्रिज्या 6 मीटर होते. तो कल तोलायला ताशी सुमारे 36 किलोमीटर वेग लागतो, आणि त्या क्षणी पायांवर शरीराच्या वजनाच्या दुप्पट भार असतो. पण स्कीवर दोन पाय दोन स्वतंत्र फळ्यांवर असतात. इथे दोन्ही एकाच फळीला, एकामागे एक, जखडलेले. मागचा गुडघा आत यावा लागतो, पुढचा घोटा वाकावा लागतो, आणि बोर्डाच्या लांबीच्या दिशेने शरीर मागेपुढे सरकावे लागते. तिथे अडवणारा बूट तोल हिरावून घेतो. म्हणूनच राइश्लेसारख्या कंपन्यांनी खास स्नोबोर्डचे कडक बूट काढले. डीलक्स ही बुटांची कंपनीही त्याच परंपरेतून पुढे आली. या बुटांचा तळ आखूड, कवच स्कीच्या बुटापेक्षा मवाळ, आणि नडगीमागचा पुढे झुकण्याचा कोन बदलता येणारा असतो. काहींना मागे स्प्रिंगही बसवता येते, म्हणजे घोटा वाकतो पण सैल पडत नाही. नुसता कडक बूट आणि चांगला बूट यांतला फरक इथे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खरी क्रांती 2000च्या दशकात धातूने केली, बुटाने नव्हे. स्वित्झर्लंडच्या केसलर यांच्यासारख्या कारागिरांनी बोर्डात टायटॅनल या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पातळ थर घातले आणि कडेच्या बाकाची त्रिज्या टोकापासून शेपटीपर्यंत बदलती ठेवली. बोर्डाची थरथर कमी झाली, खडबडीत बर्फावर कड टिकू लागली, शर्यतीचे बोर्ड 185 सेंटिमीटरच्या घरात गेले. हे सारे मान्य. पण कडक बुटात पुढे तोंड करून उभे राहण्याची मूळ ढब धातूने बदलली नाही; बुटाने घालून दिलेल्या चौकटीत त्याने काम चोख केले. 1998मध्ये नागानोला स्नोबोर्ड ऑलिंपिकमध्ये आला तेव्हाच्या जायंट स्लॅलमपासून आजच्या पॅरलल जायंट स्लॅलमपर्यंत वरच्या क्रमांकाचे खेळाडू कडक बुटातच दिसतात. 2018मध्ये प्योंगचांगला चेकियाच्या एस्टर लेडेत्स्का यांनी स्कीच्या सुपर-जी शर्यतीत आणि पॅरलल जायंट स्लॅलममध्ये, दोन्हींत सुवर्णपदक जिंकले. त्यांच्या असामान्य गुणांचे श्रेय कुठल्याही साधनाला देता येणार नाही. पण कडक कवचातून कडेशी बोलण्याची विद्या दोन्ही खेळांत सख्खी आहे, एवढे त्यातून नक्की दिसते.

मऊ बुटातही सुंदर कार्व्हिंग होते, हा तिसरा आक्षेप. होते, आणि ते पाहण्यासारखे असते. पण त्यासाठी निघालेले बोर्ड नेहमीपेक्षा रुंद आहेत, म्हणजे बुटाची टोके बर्फाला लागू नयेत. तिथेही फळी पायाच्या मागून चालली आहे.

म्हणून पैसे मोजायचे तर आधी बुटावर. भारतात 2020पासून गुलमर्गला खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत स्नोबोर्डही आहे. त्या उतारांवर जाऊन कार्व्हिंग शिकू पाहणाऱ्यानेही हाच क्रम धरावा. बुटाचे माप म्हणजे सेंटिमीटरमध्ये पावलाची लांबी. आतला मऊ बूट काढून नुसत्या कवचात पाय घालावा, बोटे पुढे टेकवावीत. टाचेमागे एक ते दोन सेंटिमीटर जागा उरली तर कवच बरोबर. आरामशीर वाटते म्हणून एक माप मोठे घेणे ही सगळ्यात महागडी चूक, कारण उचलली जाणारी टाच कुठल्याही बक्कलने खाली राहत नाही. आतला बूट गरम करून पायावर बेतता येतो, त्यामुळे टोचणाऱ्या हाडाची तक्रार तिथे सोडवावी, माप वाढवून नाही. बूट ठरला की त्याच्या तळाची लांबी मोजावी आणि मग बोर्डाची रुंदी पाहावी. 24 मापाच्या पायाला 18 सेंटिमीटरचा बोर्ड 55 ते 60 अंशांत बसू शकतो. 29 मापाच्या पायाला त्याच बोर्डावर 70 अंशांच्या आसपास उभे राहावे लागेल, कंबर आखडेल आणि मागचा गुडघा पुढच्याला भिडेल. त्याने 20-21 सेंटिमीटरचा बोर्ड शोधावा, मग तो दुकानातला सर्वांत वेगवान नसला तरी चालेल. पुढच्या पायाचा चवडा आणि मागच्याची टाच किंचित उचलणाऱ्या पाचरी अगदी शेवटी, दोन्ही पाय बोर्डावर अडकवून गुडघे वाकवून पाहिल्यावर ठरवाव्यात.