दुभाष्याचं व्हाउचर

विद्यापीठात ‘संशोधन सहाय्य कक्ष’ काढायचा ठरला की आपल्याकडे आधी खोली शोधतात. मग फलक होतो, समन्वयकपद ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात पडतं, एक संगणक येतो आणि एक कंत्राटी लिपिक. चंद्रपूर-गडचिरोलीत संशोधनाला हातभार लावणारी माणसं विद्यापीठाच्या कितीतरी आधीपासून आहेत. त्यांना खोली कधीच नव्हती. मी या भागातल्या एका महाविद्यालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले. पीएच.डी. करणारी मुलंमुली मार्गदर्शकाच्या आधी ग्रंथालयाची पायरी चढतात, त्यामुळे ही माणसं मला त्यांच्या तोंडून कळत गेली आणि मागचा धागा मी पुस्तकांतून शोधत गेले.

धागा इंग्रजी अमदानीपर्यंत जातो. स्टीफन हिस्लॉप हे पाद्री नागपूरच्या कॉलेजमुळे सगळ्यांना नावाने ठाऊक आहेत. गोंडांची लिंगोची कथा त्यांनी परधान भाटाच्या तोंडून उतरवून घेतली. १८६३ साली ते बुडून वारले आणि त्यांचे कागद मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. पुढे १९१६ साली लंडनच्या मॅकमिलनने रसेल या इंग्रज अधिकाऱ्याचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ काढला. त्याच्या शीर्षकपानावर रसेल यांच्या नावाखाली सहाय्यक म्हणून रायबहादूर हिरालाल यांचं नाव आहे. हिरालाल कटनीचे, हुद्द्याने एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर. साहेबाच्या पुस्तकावर देशी सहाय्यकाचं नाव येणं त्या काळी नवलाचंच होतं. मला मात्र त्या ग्रंथाच्या तळटीपा जास्त आवडतात. अमुक प्रकरण कोणत्या तहसीलदाराच्या आणि कोणत्या शाळामास्तराच्या टिपणांवरून रचलं, ते तिथं बारीक टाइपात दिलेलं असतं. आता तहसीलदाराला कुणी सांगितलं? कोतवालाने, पाटलाने, गावच्या पुजाऱ्याने. तिथवर तळटीप पोचत नाही.

गोष्टी गेल्या तशी हाडंही गेली. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याचे जीवाश्म हिस्लॉपच्या काळापासून अभ्यासकांना माहीत आहेत. सिरोंच्याच्या बाजूला प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात १९६० च्या आगेमागे कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांना एका अवाढव्य डायनासोरची हाडं सापडली. (आकडेमोडीच्या संस्थेने हाडं का उकरावीत, असा प्रश्न मला नेहमी पडे. पण तिचे संस्थापक महालनोबिस यांना मोजता येण्यासारखं सगळंच आपलं वाटत असावं.) १९७५ मध्ये त्याला रवींद्रनाथांच्या नावावरून ‘बारापासोरस टागोराय’ हे नाव मिळालं आणि सांगाडा कोलकात्यात उभा राहिला. सिरोंच्याजवळ आता वडधमचं जीवाश्म उद्यान आहे, तेवढं आपल्याकडे राहिलं.

म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षं प्रश्न बाहेरचा, छपाई बाहेरची, आणि मधलं चालणं, वाट दाखवणं, भाषा फोडून सांगणं इथल्यांचं. ही घडी पहिल्यांदा नीट मोडली ती १९८६ नंतर. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकून परतले आणि त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. जिल्हा तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता, २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा निघालेला. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. हा निबंध १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि जगभर गाजला. तो वाचताना मला टक्केवारीपेक्षा आधीचा टप्पा दिसतो. त्या काळच्या खेड्यात बाई अशा तपासणीला तयार होते ती डॉक्टरच्या पदवीकडे बघून होत नाही. शेजारची बाई म्हणते, “मी जाऊन आली, तू पण चल,” तेव्हा होते.

त्याच काळातलं न्यूमोनियाचं काम तर सहाय्यक चमू कसा उभा करावा याचा वस्तुपाठच आहे. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे मिनिटातले श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा ६० वर, त्याहून मोठ्याचा ५० वर गेला की धोका. आणि गावच्या सुईणींना मोजता यायचं बारापर्यंत. दुसरीकडे कुठे असतं तर ‘किमान दहावी उत्तीर्ण’ अशी जाहिरात निघाली असती आणि सुईण घरी बसली असती. इथं माणूस तोच ठेवला, साधन बदललं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि त्याच्या जोडीला मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून मोजायला लागायचं. वाळू सरायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया. मोजणी दहाच्या वर जातच नाही, त्यामुळे चुकायला जागा नाही. याचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. त्या मण्यांमागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. आपल्या विद्यापीठांत सहाय्यक नेमताना आधी पात्रता लिहितात आणि काम मागाहून ठरवतात.

पुढे नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग झाला, तोही याच रीतीने. ३९ गावं, त्यात थोडंफार शिकलेल्या गावच्याच बाया आरोग्यदूत. १९९३ पासून नोंदी, १९९५ पासून उपचार. हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती, तो आकडा तीन वर्षांत २५ च्या घरात आला. १९९९ च्या डिसेंबरात हे ‘लॅन्सेट’ने छापलं आणि पुढे देशभरच्या आशाताईंच्या कामात ते आलं. यातला कमी बोलला जाणारा भाग नोंदवहीचा आहे. जन्ममृत्यूची नोंद एकाने करायची आणि ठरावीक काळाने दुसऱ्याने घरोघर फिरून ती पडताळायची. मेलेल्या बाळाची नोंद घरच्यांना नकोशी असते, सरकारी दप्तराला तर त्याहून नकोशी. अशा ठिकाणी खरा आकडा मिळवणं हेच निम्मं संशोधन असतं आणि ते पडताळणारा करतो. निबंधाच्या लेखकांत त्याचं नाव बसेल न बसेल, त्याच्या पगाराची सोय आधी करावी लागते.

‘सर्च’चं शोधग्राम धानोऱ्याच्या रस्त्यावर आहे. त्याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने वेगळीच वाट धरली. ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल आणि गावचे देवाजी तोफा यांच्या सोबतीने तिथं अभ्यासगट सुरू झाला. अभ्यासगटात वाचायचं, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, वाद घालायचा. निर्णय मात्र तिथं घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीने. जंगलाचे हक्क, कायद्याचं कलम, मधाचं पोळं माश्या न मारता कसं काढायचं, असे विषय तिथं चालले. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या पहिल्या गावांत त्याची गणना झाली. यात अभ्यासगटाच्या त्या बैठकांचा वाटा मोठा. संशोधनाचा प्रश्न गावाचा आणि पीएच.डी.वाला त्याच्या मदतीला, असा उलटा क्रम मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मग २०११ आलं. २७ सप्टेंबरला गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालं, दोन्ही जिल्ह्यांची महाविद्यालयं नागपूरपासून सुटून त्याला जोडली गेली. तोवर सिरोंच्याच्या मुलाला विद्यापीठ गाठायचं तर आधी दोनशेहून जास्त किलोमीटर गडचिरोली आणि तिथून आणखी पावणेदोनशेच्या आसपास नागपूर. जिल्ह्यात रेल्वे स्टेशन एकच, वडसा, तेही उत्तर टोकाला. एका सहीसाठी दोन मुक्काम पडत. नागपूरपर्यंतचं पावणेदोनशे किलोमीटरचं अंतर वाचलं ही मोठी गोष्ट आहे, आणि ज्यांनी नागपूरच्या खेपा घातल्या नाहीत त्यांना तिची किंमत कळायची नाही.

पण विद्यापीठ नवं आणि नियमही नवे. २००९ च्या यूजीसी नियमावलीने पीएच.डी.ला प्रवेश परीक्षा आणि कोर्सवर्क सक्तीचं केलं होतं. २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य तपासणीचा नियम आला. प्रबंध ‘शोधगंगे’वर चढवायचा. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य अशा लांब नावाचं मंडळ दिलं. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने गोंडवानात विज्ञान व तंत्रज्ञान संसाधन केंद्र उभं राहिलं, तो चांगला भाग. बाकी रोजचा गाडा ज्या अडचणींत रुततो त्या कोणत्याच नियमावलीत नाहीत.

उदाहरणार्थ, फॉन्ट. आमच्याकडचे मराठी, इतिहास, समाजशास्त्राचे बहुतेक प्रबंध वर्षानुवर्षं श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप झाले. तहसील कार्यालयासमोरचा टायपिंगवाला भाऊ तेच जाणे. ती फाइल तपासणीच्या सॉफ्टवेअरला दिली की त्याला मराठी अक्षरं दिसतच नाहीत, रोमन अक्षरांचा काला दिसतो. निकाल येतो साम्य शून्य टक्के. अख्खं पुस्तक उतरवलेलं असलं तरी शून्य. आणि ज्याने प्रामाणिकपणे युनिकोडमध्ये टाइप केलं, ग्रामगीतेतली अवतरणं रीतसर दिली, त्याची टक्केवारी भरते आणि त्यालाच खुलासा लिहावा लागतो. श्रीलिपीचं युनिकोड करताना रफार उडतो, जोडाक्षरं फुटतात. चारशे पानं पुन्हा डोळ्यांखालून घालायला माणूस लागतो. असा माणूस कुठल्या पदनामाखाली नेमायचा, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. पुष्कळदा ते ग्रंथपालानेच केलं.

दुसरी अडचण भाषेची, आणि ती सगळ्यांत मोठी. गडचिरोलीत मराठी आहे, गोंडी आहे, दक्षिणेत माडिया आहे, सिरोंच्यात तेलुगू आहे, पूर्वेकडे छत्तीसगढी आहे, मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांची बंगाली आहे. माडिया गोंड ही केंद्राच्या यादीतली विशेष असुरक्षित जमात. तिच्यावर प्रबंध पुष्कळ होतात, प्रश्नावली मात्र मराठीत असते आणि संमतीपत्र बरेचदा इंग्रजीत. ज्या गावात अनोळखी माणसाने कागदावर सही मागितली की पोलिसाचा आणि नक्षलवाद्यांच्या दलमचा दोघांचाही संशय येतो, तिथं ते संमतीपत्र पुढे करायला धीर लागतो. मग विद्यार्थी गावातलाच एखादा शिकलेला मुलगा किंवा अंगणवाडीची ताई गाठतो. तो मुलगा आठवडाभर काम सोडून पाड्यापाड्यांत फिरतो, विचारतो, उत्तर मराठीत सांगतो, आणि कोणता प्रश्न कुणाला विचारू नये हेही सांगतो. निम्मा प्रबंध त्याचा असतो.

त्याचे पैसे कसे द्यायचे, यावर माझ्या टेबलाशी किती वाद झाले असतील. महाविद्यालयीन शिक्षकांना यूजीसीचे लघु संशोधन प्रकल्प मिळत त्या काळची गोष्ट. पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाला उपयोगिता प्रमाणपत्र पाठवायचं, त्यावर सीएची सही हवी. एक मॅडम भामरागडकडून काम आटोपून आल्या, सगळा हिशोब घेऊन बसल्या.

“दुभाष्याची पावती?” सीएच्या मुलाने विचारलं.

“अहो, त्या दादाकडे कुठलं पावतीपुस्तक! हातात पैसे दिले.”

“मग हे कोणत्या शीर्षात घालू?”

शेवटी साध्या कागदावर व्हाउचर केलं, रसीदी तिकीट लावलं, आणि पुढच्या खेपेला त्या दादाची सही आणली. शीर्ष टाकलं ‘आकस्मिक खर्च’. त्याच शीर्षात झेरॉक्स आणि टाचण्यांचाही खर्च होता. हिरालाल शीर्षकपानावर होते, शाळामास्तर निदान तळटीपेत होते. आमचा दुभाष्या टाचण्यांच्या शेजारी.

विद्यापीठाकडे पैसे नाहीत, मंजूर पदं कमी, शासनाची भरतीबंदी, हे सगळं मला मान्य आहे. तरी सहाय्य कक्ष म्हणजे अर्ज भरून देणारी खिडकी, ही समजूत या दोन जिल्ह्यांत चालणार नाही. अर्ज पुण्या-मुंबईचा कक्षही भरून देईल. इथल्या कक्षाकडे माडिया बोलणारा पगारी माणूस हवा, मराठी प्रबंधाची फाइल दुरुस्त करणारा हवा, आकडे पडताळायला गावात जाणारा हवा आणि प्रबंधाच्या पहिल्या पानांत या तिघांची नावं छापण्याचा नियम हवा. ‘सर्च’ने आणि मेंढ्याने हे करून दाखवलेलं आहे, त्यासाठी परदेशी नमुना आणायची गरज नाही.

तेव्हा दोन्ही जिल्ह्यांतल्या प्राचार्यांना आणि अधिसभेवर बसणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे. पुढचा आकृतिबंध शासनाकडे जाईल त्यात ‘दुभाषी (माडिया-गोंडी)’ हे पद नावानिशी घाला, पात्रता दहावीच्या वर ठेवू नका. आणि मुलाखतीची तारीख जुलै-ऑगस्टमध्ये लावू नका. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा उमेदवार तिकडेच अडकतो.