तलाव राखणारी माणसे : पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव आणि प्रशिक्षणाचा प्रश्न

एखाद्या जलाशयाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे तो कोणी बांधला, केव्हा बांधला आणि त्यावर किती जमीन भिजते, एवढ्याच गोष्टींची चौकशी आपण बहुधा करतो. तो राखण्याची विद्या कोणापाशी होती आणि ती एका पिढीकडून दुसरीकडे कशी गेली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वास्तविक मातीचा तलाव ही कायमची वस्तू नव्हे. दर पावसाळ्यात तो थोडा गाळाने भरतो, थोडा फुटावयास येतो, आणि दरवर्षी माणसांचे हात लागले तरच टिकतो. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांच्या आधारे हा दुसरा प्रश्न तपासून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

आजच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. सरकारी दप्तरात त्यांस ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. त्याचाच संक्षेप होऊन ‘मामा तलाव’ हे नाव लोकांच्या तोंडी रूढ झाले. हा भाग धानाचा. पाऊस येथे विपुल पडतो. परंतु परतीच्या पावसाने पाठ फिरविली म्हणजे ऐन निसवणीच्या वेळी उभे पीक करपते. ही शेवटची एक-दोन पाणी देण्याची सोय म्हणजे तलाव. त्यांची उभारणी मुख्यत्वे कोहळी समाजाच्या नावावर आहे. चांद्याच्या गोंड राजांविषयी परंपरा अशी की, जो तलाव बांधील त्यास त्या तलावाखाली भिजणारी जमीन ते इनाम देत. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगितले जाते. रसेल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथातही, ऊस पिकविणारे आणि तलाव बांधणारे लोक म्हणूनच कोहळ्यांचा परिचय करून दिलेला आहे.

या बांधणाऱ्यांनी कोणत्याही शाळेत शिक्षण घेतले नव्हते. तरीही दोन टेकड्यांमधील नेमकी जागा हेरणे, पाळीची उंची ठरविणे, सांडवा कोठे काढावा म्हणजे वरच्या तलावाचे जादा पाणी खालच्या तलावात उतरेल याचा अंदाज बांधणे, ही सर्व कामे त्यांनी अचूक केली. हे ज्ञान कामातूनच मिळत असे. उन्हाळ्यात गाळ काढून तो शेतात पसरावयाचा, पावसापूर्वी पाळीवरील बिळे बुजवावयाची, मुसळधार पावसाच्या रात्री सांडव्यावर पहारा द्यावयाचा, पाटाचे पाणी पाळीपाळीने सोडावयाचे : या वार्षिक क्रमात बापाबरोबर मुलगा जाई आणि पाहता पाहता शिके. मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजापाशी याच तलावाचे दुसरे ज्ञान होते. कोणत्या पाणवनस्पतीच्या आश्रयाने कोणता मासा अंडी घालतो, पाणी उतरू लागले म्हणजे मरळ कोठे सापडते, देवधान कोठे उगवते, हे ढीवर जाणत. गावाचे निस्ताराचे हक्क आणि रूढी जमाबंदीच्या वेळी ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या लेखात नोंदविल्या जात. परंतु ही विद्या मात्र कोणत्याही कागदावर उतरली नाही.

या व्यवस्थेचे गुणगान करताना तिची दुसरी बाजू झाकता येणार नाही. तलावाच्या दुरुस्तीसाठी राबणाऱ्या हातांमध्ये मोबदल्याविना राबणारेही होते. मालगुजार हा मालक होता आणि त्याचा शब्द अखेरचा असे. ढीवरांपाशी ज्ञान होते, परंतु निर्णयात स्थान नव्हते. स्त्रियांचे श्रम होते, परंतु त्यांचे मत कोणी विचारीत नसे. जुने शिक्षण परिणामकारक होते हे खरे. पण ते विषमतेच्या चौकटीत दिले जात होते हेही तितकेच खरे.

याच काळात दुसऱ्या प्रकारचे शिक्षण देशात रुजत होते. रुरकी येथे १८४७ मध्ये व पुणे येथे १८५४ मध्ये अभियांत्रिकीच्या शिक्षणास आरंभ झाला. १९०१ ते १९०३ या काळात काम केलेल्या पाटबंधारे आयोगानंतर मध्य प्रांतात सरकारी खर्चाने मोठे तलाव होऊ लागले. या अभियंत्यांपाशी सपाटी मोजण्याची साधने होती, प्रवाहाचे गणित होते, नकाशे होते. परंतु मोठे बांधकाम हा त्यांच्या अभ्यासक्रमाचा गाभा होता. गावतळ्याची दरसालची निगा, त्यातील मासा, गवत व गाळ यांचा त्यात समावेश नव्हता. अशा रीतीने एकाच प्रदेशात दोन विद्या शेजारी शेजारी नांदत होत्या आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि १९५१ मध्ये तलाव शासनाकडे आले. मालगुजारीचा अंत हा सामाजिक न्यायाचा निर्णय होता, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि तलाव हस्तांतरित झाले, तशी ते राखण्याची जबाबदारी कोणी व कशी शिकावयाची याची व्यवस्था झाली नाही. निस्ताराचा हक्क असल्याने पाणी विनामूल्य मिळावे, असे शेतकरी म्हणत. पाणीपट्टी येत नाही तर दुरुस्तीस पैसा कोठून आणावा, असे शासन म्हणे. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर लहान तलाव त्यांच्याकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे राहिले. या वादात गाळ काढण्याची चाल मोडली. तलावपात्रात अतिक्रमणे झाली, बेशरमची झुडपे माजली. दोन पिढ्या अशा गेल्या की, ज्यांनी सांडव्यावर पहारा कधी दिलाच नाही. विद्येचा ऱ्हास पाळ फुटल्याप्रमाणे एका रात्रीत दिसत नाही. म्हणूनच तो अधिक घातक ठरला.

औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९८० मध्ये जल व भूमि व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. तेथे अधिकाऱ्यांबरोबर शेतकऱ्यांसही पाणीवाटपाचे शिक्षण मिळू लागले. २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांस वैधानिक अधिष्ठान दिले. हे पाऊल मोलाचे होते. मात्र त्याचा भर कालव्यांवर व सिंचनावर राहिला. तलाव हा एक सजीव जलाशय आहे, ही दृष्टी प्रत्यक्षात आणली ती अर्जुनी-मोरगाव परिसरातील ढीवरांच्या सहकारी संस्थांनी. स्थानिक अभ्यासकांच्या साहाय्याने त्यांनी कोणत्या वनस्पती पूर्वी होत्या व कोणत्या नाहीशा झाल्या याची नोंद केली; बेशरम उपटून काढली; उन्हाळ्यात तलावाचे कोरडे पात्र नांगरले; आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. स्त्रियाही या कामात पुढे आल्या. येथे शिकविणारा कोण आणि शिकणारा कोण, हे सांगणे कठीण होते. अभ्यासकाने नोंद करण्याची शिस्त दिली, ढीवराने नोंदण्याजोगे ज्ञान दिले.

या इतिहासातून एक निष्कर्ष निघतो, असे मला वाटते. राज्यात २०१४ पासून जलयुक्त शिवार आणि २०१७ पासून गाळमुक्त धरण यांसारख्या योजनांतून गाळ काढण्याची कामे झाली. यंत्राने एका उन्हाळ्यात गाळ निघतो. परंतु पुढील वर्षी पाळीवर कोणी जावयाचे, हे यंत्र सांगू शकत नाही. जुन्या व्यवस्थेत शिक्षण होते, पण शिकणाऱ्यास हक्क नव्हता. १९५१ नंतर जुने मालक गेले, परंतु शिक्षणाची परंपराही तुटली. जेथे या दोहोंचा मेळ बसला, तेथेच तलाव पुन्हा जिवंत होताना दिसतात. म्हणून जलसंधारणाच्या प्रत्येक योजनेत दुरुस्तीच्या खर्चाइतकेच महत्त्व अभियंत्यास गावाकडून आणि गावास अभियंत्याकडून शिकविण्याच्या व्यवस्थेला द्यावे लागेल. आणि त्या शिक्षणात ढीवर व स्त्रिया यांचे स्थान शिकविणाऱ्यांच्या पंक्तीत असावे लागेल. पाळीची माती ठिकठिकाणी अद्याप शाबूत आहे. ती राखण्याची रीत ज्यांनी प्रत्यक्ष पाहिली, ती वृद्ध मंडळी मात्र दरवर्षी कमी होत आहेत. त्यांच्याकडून शिकून घेण्यास उरलेला अवधी फार नाही.