मोहाच्या फुलांचा कायदा

पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' सुरू झाले. जागेवरच तयार केलेली बिअर परवाना घेऊन जेवणासोबत वाढणारे ते महाराष्ट्रातील आरंभीचे ठिकाण. मोहोपाड्याच्या परिसरातील घरगुती पेयाच्या वाट्याला मात्र असा परवाना कधी आला नाही.

खालापूर-कर्जतच्या रानात चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची फुले गळतात. कातकरी, ठाकूर ती वेचून वाळवीत. आंबवून भट्टीवर चढविली की दारू. भाजली, शिजविली की टंचाईतले अन्न. पेय आणि जेवण, दोन्ही एकाच टोपलीत!

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा हक्क परवानेदारांपुरता उरला. तरी रानातले चोरटे गाळप थांबेना. तेव्हा सरकारने थेट फुलांनाच हात घातला. १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा (आजचा रायगड) या जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर, विकण्यावर निर्बंध आले. दारूच्या संशयापायी अन्नही पहाऱ्यात गेले.

याच मुलखात, उरणला, सरकारमान्य भट्ट्या मोहाचीच दारू गाळून मुंबईला पुरवीत होत्या. त्यांची फुले येत दूरच्या पंचमहालांतून.